हलके जू

दिवाळीच्या अंकात ओझ्याविषयी लिहू नये, असे कुणी म्हणेल. पण आमच्या नंदुरबारकडे सणाला ओझे लागूनच येते. पणत्या विझल्या न विझल्या तोच डोंगरातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात. मुकादमाची उचल तर आधीच खर्च झालेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची.

नवापूर तालुक्यात अशा घरांपैकी कित्येक ख्रिस्ती आहेत. चिंचपाड्याचे मिशनचे इस्पितळही याच तालुक्यातले. कष्टी नि ओझ्याने वाकलेल्यांना येशू आपल्याजवळ बोलावतो, विसावा देऊ करतो, ते वचन या मंडळींच्या फार आवडीचे. मला मात्र त्याचे कोडे पडे. विसावा कसला? 'आमेन' म्हटल्याने मुकादमाच्या वहीतला आकडा पुसला जात नाही. मग मार्क्सने धर्माला अफू म्हटले, त्यात काय चुकले?

पण मत्तयाच्या अकराव्या अध्यायात त्या वचनाच्या पुढेही वाचायला हवे. तिथे येशू जू फेकून द्या म्हणत नाही, माझे जू घ्या म्हणतो! विसावा मागायला आलेल्याला पुन्हा जूच? मात्र आपल्याकडचे नांगराचे जू दोन बैलांचे असते. दुसऱ्या बाजूला कुणीतरी मान दिलेली असते. पंडितांना हा अर्थ रुचो न रुचो, मला तोच पटतो.

लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचा संसार उन्मळला. म्हणजे त्यांच्यावर ओझे कोसळले तेच मुळी या धर्मापायी. नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहिल्यावर त्या परत आल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. तरी घरची ओढाताण संपली नाही. टिळकांचा हात सढळ, त्यात पोरकी मुले घरी येत राहिली. 'स्मृतिचित्रे'त भार हलका झाल्याचा हिशेब कुठे सापडत नाही. घरातली माणसे तेवढी वाढत जातात, आणि बाई हसत असतात.

मोळी एकट्याने नेता येते, पण डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. प्रार्थनेला जमलेल्यांत आजाऱ्याच्या घरी भाकरी कुणी न्यायची, हेही ठरत असते. ही काही ख्रिस्ती मंडळींचीच मिरास नव्हे. तळोद्याकडे गुला महाराजांनी १९३८च्या सुमारास भिल्लांची दारू सोडवली, तीही माणसे एकत्र बसवूनच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. माणसाने माणसाच्या मानेवर ठेवलेले जू देवाचे समजून सोसणे, याला मी श्रद्धा म्हणणार नाही. शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, ती असलेच जू झुगारायला.

नवापूरच्या बाजारात ओळखीच्या एका ऊसतोडणी बाईला मी विचारले, "प्रार्थनेने उचल फिटली का गं?"

"नाही गुरुजी, आहे तेवढीच आहे," ती म्हणाली. "पण आता मुकादमाला सांगते, वहीत काय लिहिलंस ते वाचून दाखव. आम्ही चौघी जातो."