टाकलेल्याचा पत्ता

मराठीतले ‘टाकणे’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. कचरा टाकला, की वाक्य संपते. पुढे त्याचे काय झाले, हे सांगावे लागत नाही. ‘टाकलेली बाई’ म्हणतानाही असेच होते. बाई दिसते, टाकणारा वाक्यात नसतो.

पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी हे अर्धे वाक्य पुरे करायला लावले. १९९३ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या संघटनेचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात देवी नाही, पुढारी नाही. लोकांनी टाकलेल्या वस्तू आहेत आणि त्या वेचणाऱ्यांचे कष्ट. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. कुंडीत हात घालणारीकडे चोर म्हणून पाहिले जाई. तिने स्वतःला कामगार म्हणवून घेतले, ओळखपत्र मिळवले. पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली.

दार उघडले, तरी घाणीतून हात सुटला नाही. सुका कचरा निवडताना वापरलेली सॅनिटरी पॅड उघडीच हाताला लागत. घरात ज्याचे नावही दबक्या आवाजात घ्यायचे, ते परक्या बाईच्या हाती बिनदिक्कत जायचे. विटाळ घरातून गेला नव्हता, फक्त दुसरीच्या वाट्याला आला होता, आणि ही वाटणी जातीच्या जुन्या रेघेवरूनच झाली होती. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेल्या पॅडची पोती भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत धाडली. ज्याचा माल त्याच्या दारी!

२०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना सांगितले: पुनर्चक्रण होईल असा माल वापरता येतो का पाहा, नाहीतर प्रत्येक पॅडसाठी वेष्टण द्या. वेष्टणाने हात वाचतो. प्लॅस्टिकचा ढीग तेवढाच राहतो. म्हणून ‘या मालाचे पुढे काय?’ हा कंपनीला विचारलेला प्रश्न वेष्टणापाशी मिटत नाही.

तो आपल्या उंबऱ्याशीही येतो. इथे देणारीही बाई, घेणारीही बाई. एकीच्या संकोचाची किंमत दुसरीचा हात मोजतो. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढेच वेचक बायकांचे आपल्याकडे मागणे. त्यासाठी ‘कचरा टाकला’ऐवजी ‘कचरा दिला’ म्हणून पाहावे. दिला म्हटले, की ‘कोणाला?’ हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही.