कुत्र्याने व्रत घेतलेले नाही

जीवंधरकुमाराची गोष्ट आपल्याकडे बहुतेक घरांत ठाऊक असते. लोकांनी मारून अर्धमेला केलेला कुत्रा वाटेत पडलेला असतो. जीवंधर त्याच्याजवळ बसून कानात णमोकार मंत्र म्हणतो. कुत्रा शांतपणे प्राण सोडतो आणि सुदर्शन नावाचा यक्ष होऊन पुढे जीवंधराच्या उपयोगी पडतो. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणी’त हे आहे. लहानपणी बस्तीत ही गोष्ट ऐकून आम्ही घरी यायचो, आणि पायरीवर बसलेल्या कुत्र्याला आज्जी ‘हाड्’ म्हणायची. त्यात काही विसंगत आहे असे कुणालाच वाटत नसे.

कारण गोष्टीत एक मोठी सोय आहे. त्यातला कुत्रा मरतो. जीवंधराला तो घरी न्यावा लागत नाही. तो वाचला असता तर पुढची दहा-बारा वर्षे त्याला काय खायला घालायचे, कुठे झोपवायचे, गोचीड झाले तर काय करायचे, हे प्रश्न राजपुत्रालाही सुटले नसते.

गोष्ट आठवली ती भाचीच्या फोनमुळे. ती बेळगावात टिळकवाडीत राहते. घरात नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. हायवेवर गाडीने उडवलेली एक कुत्री काही तरुण पोरांनी उचलून आणून बरी केलेली आहे, मागचा एक पाय जरा ओढते, आणि आता तिला घर हवे आहे. “आत्ती, आणायचं ठरलंय बघ. काय काय तयारी करू?” ती पट्टा, वाडगा, जुनी गोधडी अशी यादी विचारत होती. मी विचारले, “खायला काय घालणार?” तर ती गप्प झाली. मग म्हणाली, “सासूबाई पण तेच विचारालेत.”

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो आणि त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव तोडणे, झेपणार नाही इतका भार लादणे, खाणेपिणे तोडणे. आमच्या सीमाभागातले बहुतेक जैन शेतकरी, त्यामुळे हे ऐकताना डोळ्यांपुढे बैल यायचा. पण नीट पाहिले तर या पाचांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्याच्या दावणीला काही नाही, त्याला हे दोष लागण्याचे प्रसंग फारच थोडे. म्हणजे दया करून जीव घरी आणला की पाचही दोषांना दार उघडून दिले. म्हणूनच काही वडीलधारी माणसे म्हणतात, दुरून भाकरी घाला, औषधपाणी करा, पण घरात घेऊ नका. त्यांना निर्दय म्हणणे मला पटत नाही. त्यांनी सूत्र नीट वाचले आहे.

मला मात्र वाटते, हे उत्तर मुनींना शोभते. आपण घर बांधले, पोरे वाढवली, गाडी घेतली, आणि त्याच गाड्यांच्या रस्त्यावर ती कुत्री चिरडली. तिच्यापाशी आल्यावर तेवढा आपल्याला अपरिग्रह आठवावा, हे जरा सोयीचे होते.

खाण्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड, म्हणून तो आधी. मांस विकत आणले तर आपण मारले नाही, एवढे म्हणून सुटका नाही. कृत, कारित आणि अनुमोदना तिन्ही मोजायच्या असतात, आणि पैसे देणे हे कारितच. पण उलट बाजूही तेवढीच खरी आहे. व्रत आपण घेतले, कुत्रीने नाही. व्रत म्हणजे समजून-उमजून स्वतःवर घातलेले बंधन; दुसऱ्याच्या गळ्यात घातले तर ते व्रत राहत नाही, दोरी होते. आपल्या पुण्यासाठी तिचे शरीर खंगले तर तो सरळ अन्नपाननिरोध.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात, शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात पण मुक्कामाला ठेवत नाहीत. लोक याला हसतात. मला तो प्रामाणिकपणा वाटतो: ज्याचे पोट आपल्याला भरता येणार नाही त्याला आत घ्यायचे नाही. घरी आणायचे म्हणजे तर जन्मभरासाठी दाखल करून घेणे.

सुदैवाने कुत्रा म्हणजे घार नव्हे, आणि मांजरही नव्हे. मांजराचे शरीर मांसाशिवाय चालत नाही, तेव्हा जैन घरात मांजर आणायचे असेल तर मी स्पष्ट नको म्हणेन. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर जगत आला. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले, की पिष्ट पचवायला लागणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ जास्त असतात. म्हणजे शाकाहारावर तो राहू शकतो, पण नीट आखलेल्या. आपल्याकडची दूध-भाकरी म्हणजे पोटभर घातलेला अन्नपाननिरोध. तिच्यात प्रथिने अपुरी, काही जीवनसत्त्वे नाहीतच, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. मी भाचीला सांगितले, कुत्री आणण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा, आपण मांस देणार नाही हे न लाजता सांग, आणि या कुत्रीला, या पायासकट, ते चालेल का ते विचार. ते आहार लिहून देतील, शाकाहारी तयार खाद्यही मिळते. दर सहा महिन्यांनी वजन आणि रक्त तपासून घे. आणि ते म्हणाले की हिला चालणार नाही, तर आणू नकोस. दुसऱ्या घरी ती बरी राहील. आणून, तिला लळा लावून, चार महिन्यांनी परत पाठवणे यापेक्षा ते बरे.

“आणि नंतर कधी तब्येत बिघडली, डॉक्टर म्हणाले आता लागतंच, तर?” तिने विचारले. याचे उत्तर माझ्यापाशी एकच आहे, आणि ते सगळ्यांना आवडणार नाही. मग त्यांनी सांगितलेले औषध म्हणून आणावे, दोष आपल्या माथी घ्यावा, प्रतिक्रमणात त्याचे नाव घ्यावे, आणि हा दोष नाहीच असे कुणाला पटवत बसू नये. आजारी जिवाला आपल्या शुद्धतेसाठी मरू देण्यापेक्षा मी हा दोष पत्करीन.

एक गंमत म्हणजे कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात. अनेक घरांत उरलेली भाजी घालून कुत्री आजारी पडतात. आपल्या स्वयंपाकघरात तो धोका आपसूक टळतो. सूर्यास्ताआधीचे जेवणही तिला मानवेल. बेदाणे मात्र उचलून ठेवा. विजापूर-सांगलीच्या बाजूला नातेवाईक असले की डबे भरून येतात, आणि द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही नको.

छेदावर सासूबाईंचा खरा आक्षेप होता. कुत्रीचे ऑपरेशन झाले आहे, खूण म्हणून कानाचे टोक कापलेले आहे. “हे काय मग? छेदच की.” त्या बरोबर बोलल्या. जुन्या टीकांत छेदाचा अर्थ कान-नाक कापणे असाच दिला आहे. पिल्लांच्या वेती पावसात गटाराकडेला मरताना पाहिल्या आहेत, म्हणून मी ऑपरेशनच्या बाजूची आहे. पण त्याला दुसरे गोड नाव द्यायला मी तयार नाही. आपल्या घरी ती तयार होऊन येते, निर्णय दुसऱ्यांनी घेतला, आपले हात कोरडे, हीसुद्धा एक सोयच.

गोचिडांचे असेच. पोटातले जंत द्वींद्रिय, गोचीड जू-ढेकणांच्या रांगेतले त्रींद्रिय, कुत्री पंचेंद्रिय. जंताचे औषध द्यावेच लागते, गोचिडांचेही, कारण त्यांच्यापासून येणाऱ्या तापाने कुत्री दगावतात. गृहस्थाचा त्याग संकल्पी हिंसेचा, ही रक्षणासाठी झालेली, असे म्हणता येते आणि मीही म्हणते. पण हे वाक्य इतके मऊ आहे की त्यावर झोप लागते. त्यापेक्षा आपल्याकडे यत्नाचार हा चांगला शब्द आहे. भिंतीच्या भेगा आत्ताच लिंपून घ्या. अंगण कोरडे ठेवा, पावसाळ्यात वाढलेले गवत काढा, गोधडी आठवड्याला उन्हात टाका, रोज फणी फिरवा. गोचीड झाल्यावर शेकड्यांनी मारण्यापेक्षा होऊच न देणे, एवढे तर हातात आहे. तयारी म्हणजे मला तरी हेच कळते. पट्टा काय, ऐनवेळीही मिळतो.

वधाबद्दल फार सांगायला नको. चटईवर शू केली म्हणून मारायचे नाही. अतिभार मात्र नीट समजून घ्यावा. आपण वाचवले म्हणून तिने पहिल्या दिवशी शेपूट हलवावी, पाहुण्यांना आवडावी, मुलाला खेळ म्हणून पुरावी, हा सगळा भारच. अशी कुत्री पहिले काही दिवस कोपऱ्यात बसते, जेवत नाही, भांडे पडले तरी दचकते. घराची सवय व्हायला आठवडे जातात, पुरता विश्वास बसायला महिने. मुलाला आधीच सांगायचे: ती जेवताना-झोपताना हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, ती आपणहून येईल तेव्हा यायची. रेबीजची लस झाल्याचे कार्ड आधी पाहायचे, दर वर्षी ती द्यायची. तरीही दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनासुद्धा, माहीत हवे.

राहिला बंध. सतत साखळीला ठेवून कुत्र्याला फिरवायचे नाही, हा 1960 च्या कायद्यानेही गुन्हा आहे, पण तो मुद्दा भाचीच्या घरी नव्हताच. मुद्दा चौक्याचा होता. चातुर्मासात त्यांच्याकडे महाराजांसाठी चौका लागतो. आहार चालू असताना पायांमधून एखादा पंचेंद्रिय जीव गेला तरी अंतराय. महाराज मुखशुद्धी करून उठणार, पुढचा आहार दुसऱ्या दिवशी. सासूबाईंना रात्री झोप नाही ती याची. नवरा म्हणाला, तेवढा वेळ मागच्या खोलीत बांधू. पण गाडीखाली सापडलेली कुत्री, घरात अनोळखी माणसांची गर्दी, घंटा, मोठ्याने म्हटलेले ‘नमोस्तु’. बांधून कोंडली तर ती सारा वेळ रडणार, आणि ते चौक्यात ऐकू येणार.

मी म्हटले, बांधू नका, दार लावून कुणीतरी तिच्याजवळ बसा. यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. कारण जो आत बसेल त्याला त्या दिवशी पडगाहनाला उभे राहता येणार नाही आणि महाराजांच्या ओंजळीत घासही देता येणार नाही. वर्षभर ज्याची वाट पाहायची तो एक दिवस जाणार. भाची म्हणाली मी बसते, तर सासूबाई म्हणाल्या, सुनेशिवाय चौका कसला? नवऱ्याला सोवळ्यात पाणी भरायचे असते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, पाळीपाळीने बसू, पण पहिल्या वर्षी कोण ते आत्ताच ठरवा, महाराज दारात आल्यावर नको. ते ठरले की पोरांना फोन करून कुत्री आणायची आहे.