करप्याचे एकत्व आणि सामान्याचा प्रश्न

भातावरचा करपा मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होतो. पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी डाग पडतो. लोंबीची मान करपली की दाणा पोचट राहतो. गोव्यातल्या पेडण्यात आणि डिचोलीत हा डाग सारखाच दिसतो. मग बुरशीही एकच मानावी का?

न्याय-वैशेषिक दर्शनांच्या मते अनेक व्यक्तींत एकच नित्य सामान्य, म्हणजेच जाती, वसते. सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने ते नाकारले. गुळवेल आणि इतर वनस्पती ताप उतरवतात, पण त्यासाठी त्या सर्वांत एक समान तत्त्व मानावे लागत नाही, हा त्याचा दाखला. पहिल्या नजरेत करप्याला तो चपखल लागू पडतो. डाग सारखा असूनही एका वंशाची बुरशी एखादे वाण झोपवते, दुसऱ्या वंशाची त्याच वाणापुढे हतबल ठरते. रोपातल्या प्रतिकारक जनुकाला बुरशीतले जोडीचे जनुक उत्तर देते, हे हॅरॉल्ड फ्लॉर यांनी 1940च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवले होते.

प्रदेशावरून गट पाडले तर अडचण सुटते, असे वाटते. पण 2016 साली बांगलादेशात गव्हावर करपा आला, तेव्हा डीएनएच्या तपासणीत त्याचे नाते तिथल्या भातावरच्या बुरशीशी नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या बुरशीशी जुळले. ब्राझीलमध्ये तो रोग 1985 मध्ये आढळला होता. प्रदेश आणि वंश असे एकमेकांना छेदतात. नैयायिक उदयनाचार्यांनी अशा छेदाला संकर म्हटले आणि जातीच्या सहा बाधकांत गणले. भूतत्व (महाभूत असणे) आणि मूर्तत्व (मर्यादित परिमाण असणे) पृथ्वीत एकत्र असतात, पण आकाशात फक्त पहिले आणि मनात फक्त दुसरे; म्हणून दोन्हींना जाती मानता येत नाही. त्याच न्यायाने ‘पेडण्याची बुरशी’ ही जाती नव्हे, सोयीची उपाधी आहे. 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलेल्या या महालाची सीमा माणसांनी आखली. वाऱ्यावर जाणाऱ्या बीजाणूंना ती अडवत नाही.

तरीही सगळे नाममात्र ठरत नाही. विविध वंशांच्या बुरशा करपाच घडवतात, याला आधार आहे: समान पूर्वजाकडून आलेला वारसा. तो नित्य नाही, उत्परिवर्तनाने बदलत राहतो. पण कल्पितही नाही. नैयायिकांचे नित्य सामान्य इथे टिकत नाही, आणि धर्मकीर्तीचे औषधींचे उदाहरणही अपुरे पडते, कारण त्या औषधींच्या ताप उतरवण्यामागे असा समान वारसा नसतो. म्हणून एखाद्या वाणाला ‘करपा प्रतिकारक’ म्हणताना ते कोणत्या वंशाच्या बुरशीविरुद्ध टिकतो, हेही सांगायला हवे. नाहीतर ते विशेषण अर्धवटच आहे.