इसार घेतलेला शब्द

आमच्या मोर्शीकडे संत्र्याचा सौदा झाडावरच होतो. फळ हिरवंच असतं, व्यापारी बगीच्यातून एक फेरी मारतो, आकडा ठरतो, इसार हातावर पडतो. आठ दिवसांनी दुसरा कोणी चढा भाव घेऊन आला तरी भला शेतकरी म्हणतो, "नाही भाऊ, शब्द गेला." सौदे मोडतातही. पण ज्याला उद्या गावात तोंड दाखवायचं असतं, तो बगीच्यात येऊन, समोर उभा राहून सांगतो की मला जमत नाही.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षनिष्ठेची चर्चा निघाली की मला हा बगीचा आठवतो. या निवडणुकीत पक्षाला व्हीप काढता येत नाही. मतदान गुप्त असतं. एरवी पक्षांतरबंदीने बांधलेला आमदाराचा हात इथे मोकळा होतो. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या २८८ आमदारांत वाटून, हजाराने भागून ते काढलेलं आहे. म्हणजे त्या एका कागदामागे पावणेदोन लाख माणसं उभी असतात. मग ते मत त्याचं एकट्याचं कसं?

२००७ साली शिवसेना भाजपच्या युतीत होती आणि भाजपचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना होता. समोर प्रतिभाताई पाटील, अमरावतीच्या सूनबाई, १९९१ साली अमरावतीतूनच लोकसभेत गेलेल्या. बाळासाहेब ठाकरेंनी मतदानाआधीच जाहीर करून टाकलं की शिवसेनेची मतं प्रतिभाताईंना. उमेदवार मराठी आहे, हे कारण मला अपुरं वाटतं. राष्ट्रपती साऱ्या देशाचा असतो. पण रीत खरी होती. मित्रपक्ष दुखावला, फसवला गेला नाही.

१९६९ ची गोष्ट वेगळी. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून इंदिरा गांधींची सही होती, आणि मतदानाच्या तोंडावर त्यांनीच सदसद्विवेकाने मत द्या असं सांगितलं. वराहगिरी वेंकटगिरी निवडून आले, वर्ष सरायच्या आत पक्ष दुभंगला. विवेक सहीच्या आधी जागा व्हायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

त्याच निवडणुकीत तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. ते हरले, पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मतं त्यांना पडली. पण विवेक कसा वापरायचा ते या माणसाने तेरा वर्षं आधीच दाखवलं होतं. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणाविरुद्ध १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून, नेहरूंच्या देखत, आपली कारणं सांगितली. आधी खुर्ची सोडली, मग बोलले. आजकाल विवेकाची भाषा करणारे खुर्ची धरूनच बोलतात.

पक्षाचंही देणं असतं, हे मी नाकारत नाही. तिकीट पक्षाने दिलेलं, उन्हातान्हात पत्रकं वाटली ती कार्यकर्त्यांनी. ते मोडायचंच असेल तर उघड मोडा. मतपेटीचा आडोसा पक्षाच्या दडपणापासून आहे, मतदारांपासून लपायला नाही.

विद्यमान राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. त्याआधी आपला आमदार मोर्शीत येईल तेव्हा रस्त्याचं, पाण्याचं विचाराच. पण त्याच्याजवळचं आपलं मत कोणाला आणि का देणार, हेही चारचौघांत विचारा.