सावलीचा वाटा

वैशाखातल्या संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी माणसांची गर्दी उसळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर; त्यामुळे दिवसा तापलेले अंग पश्चिमेच्या वाऱ्याने निवते. हा गारवा सर्वांना सारखाच लाभतो, असे आपण सहज समजतो. तो समज तपासून पाहावा, असे आम्हांला वाटते.

उकाडा केवळ पाऱ्यावर मोजता येत नाही. शरीर आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते, ते मुख्यतः घाम वाळवून. देशावरच्या कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो. कोकणच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो. म्हणून कोल्हापूरचे ३८ अंश आणि किनाऱ्यावरचे ३८ अंश एक नव्हेत. झाडाखालची हवाही उन्हातल्या हवेपेक्षा फारशी थंड नसते. पण सावली सूर्याचा थेट मारा आणि तापल्या जमिनीची धग अडवते, म्हणून जीव सुखावतो.

याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उठून जाण्याची मोकळीक. रंकाळ्यावर फिरणारा ऊन लागताच जागा बदलतो. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी मांडून बसलेली मावशी माल सोडून कुठे जाणार? ऊन तेच, एकाला ते टाळता येते, दुसऱ्याला सोसावे लागते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठावर छप्पर होते, समोरचा अफाट जनसमुदाय कित्येक तास उघड्यावर बसला होता. पारा सुमारे ३८ अंशांवर होता. त्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. माणसे श्रद्धेने आली होती. त्यांनी तक्रार केली नाही. परंतु सोसणे म्हणजे संमती नव्हे.

‘त्यांना उन्हाची सवय असते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. सवयीने शरीर काही अंशी सरावते, हे खरे. मात्र त्या सरावालाही मर्यादा असते, आणि दुसऱ्याच्या सवयीवर आपली सोय उभारणे न्यायाचे नाही. जो वेळ आणि जागा ठरवतो, त्याच्यावरच सावलीची जबाबदारी येते. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा आखला, तो याच जाणिवेतून.

ही जबाबदारी सरकारपाशीच संपत नाही. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला मैदानात मंडप घालताना पहिले कापड कोणाच्या डोक्यावर येते? पाहुण्यांच्या, की मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि लेकुरवाळ्यांच्या? कार्यक्रम दुपारी ठेवायचा की सकाळी, रस्त्याकडेचे झाड तोडायचे की राखायचे, हे निर्णय साधे दिसतात. ते घेताना, ज्याला उठून जाता येणार नाही, त्याला प्रथम विचारात घ्यावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.