वडिलांची फियाट आणि जीर्णोद्धाराचा धर्म

घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या वस्तूंचं काय करायचं, हे आपल्याकडे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. कपडे, चपला, छत्री, अंथरूण-पांघरूण तेराव्यापर्यंत कुणाला तरी देऊन टाकतात. शय्यादानाचा विधी त्यासाठीच आहे. देव देवघरात राहतात. जमिनीला वारस लागतात आणि सात-बाऱ्यावर नवी नावं चढतात. अडचण होते ती पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाडीची. ती चपलेसारखी देऊन टाकवत नाही आणि देवासारखी रोज पुजताही येत नाही. भंगारवाला दारावर येऊन भाव सांगून जातो, आई आतून नुसतं "राहू दे" म्हणते आणि मुलगा ताडपत्री पुन्हा ओढून घेतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या बेलापूर परिसरात गाडीची हौस उसाबरोबर आली. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी इथली शेती पालटली. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स आली आणि स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना निघाला. उसाचं बिल हातात पडलं की आधी बैलजोडी, मग इंजिन-पंप, मग ट्रॅक्टर अशी घराची चढती असायची. त्यात एखाद्या घरी फियाट आली की ती साऱ्या आळीची व्हायची. नवरदेवाची वरात तिच्यातून निघायची आणि अडलेली बाळंतीण तिच्यातूनच दवाखान्यात पोचायची.

या फियाटचं मूळही मराठी मातीत आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी गोलमटोल 'डुक्कर फियाट' निघाली, 1964 पासून 1100 डिलाइट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. चार सिलिंडर, 1089 सीसी, हँडलजवळचा गिअर. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. आता ही गाडी उरली ती घरांत, आणि बहुतेक ठिकाणी ती कुणाच्या तरी वडिलांची किंवा आजोबांची आहे.

ती पुन्हा चालू करायची म्हणजे काय करायचं? जाणता मेस्त्री आल्या आल्या सेल्फ मारत नाही. चारही प्लग काढून तो प्रत्येक भोकातून थोडं ऑइल पिस्टनवर सोडतो आणि दोन-चार दिवस मुरू देतो. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हलकेच पुढे-मागे ढकलायची. इंजिन जाम नसेल तर प्लगच्या भोकांतून फुस्स असा आवाज येतो; असेल तर चाकं तसूभरही हलत नाहीत. पेट्रोलची टाकी उतरवली की तळाशी गंजाचा लगदा सापडतो. जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं झालेलं असतं आणि त्याने कार्बोरेटरचे जेट बुजलेले असतात. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधली रबरं सुजलेली, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, टायरला भेगा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला माल शोधायचा. मग बोअर मारणं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवं वायरिंग, नवी काच, तळाला नवा पत्रा, वरून लांबी आणि रंग. मेस्त्री पुढे काय काय बदलावं लागेल ते सांगू लागतो आणि यादी संपता संपत नाही.

इथे वारसापुढे खरा प्रश्न उभा राहतो. एवढं सगळं बदलल्यावर ही वडिलांचीच गाडी राहिली का?

प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. त्यातलं उदाहरण वाहनाचंच आहे. राजा रथातून आला होता. नागसेन विचारतो, रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं, की हे भाग एका रीतीने जोडले गेले म्हणजे त्यांना रथ म्हणायचं. त्यांच्यापलीकडे रथ म्हणून वेगळं काही नाही. आपले नैयायिक याच्या उलट टोकाला उभे राहिले. अवयवी हा अवयवांहून वेगळा आणि खरा पदार्थ आहे, असं ते मानतात. पण मग अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, हेही त्यांना मान्य करावं लागतं. न्यायशास्त्राच्या कसोटीने पाहिलं तर पिस्टन बदलला त्याच दिवशी वडिलांची फियाट संपली.

जैन आचार्यांनी मधली वाट काढली. समंतभद्रांच्या 'आप्तमीमांसे'त सोन्याचा घट मोडून मुकुट करण्याचं उदाहरण आहे. घट हवा असणाऱ्याला दुःख होतं, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो आणि ज्याला सोनंच हवं त्याला काहीच होत नाही. द्रव्य टिकतं, पर्याय बदलतात. म्हणून वारसाने आधी स्वतःला विचारायचं, की आपल्याला यातलं काय हवं आहे? वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, की तो पत्रा, की घरची माणसं ने-आण करणारी गाडी?

सरकारलाही या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं आहे, आणि ते मोठं ठाम आहे. मालक वारल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. त्या कागदांत पेन्सिल प्रिंट लागतो. चेसिस नंबरवर पातळ कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासली की कोरलेले आकडे कागदावर उमटतात. जीपला वेगळी चेसिस असते, वरची बॉडी उतरवता येते. फियाटला ती सोय नाही, कारण तिचं अंग हाच तिचा सांगाडा. गंज त्या पत्र्यापर्यंत पोचला की कागदावरची ओळखही खरवडून जाते. 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि ही गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन किंवा देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. रोज वापरायची नाही.

म्हणजे जिचं मूळ रूप राखलं ती चालवायची नाही आणि जी चालवायची तिच्यात फेरबदल अटळ. अशा वेळी धर्माची परंपरा काय सांगते?

या जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं गेलं, त्या अहिल्याबाई होळकर इथल्याच चौंडीच्या. जन्म 1725 चा. त्यांचं मोठं काम जीर्णोद्धाराचं. वेरूळचं घृष्णेश्वर त्यांनी पुन्हा बांधून काढलं, काशीला 1780 च्या सुमारास विश्वनाथाचं देऊळ नव्याने उभारलं. जुना दगड किती उरला, याचा हिशेब भाविकाने कधी मागितला नाही. पूजा पुन्हा सुरू झाली का, एवढंच त्याने पाहिलं. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी स्वतंत्रपणे दिला आहे, आणि भंगलेल्या मूर्तीचं सन्मानाने विसर्जन करून तिच्या जागी नवी बसवणं हा त्याचाच भाग आहे. जे झिजलं त्याला निरोप द्यायचा आणि ज्यासाठी ते होतं ते चालू ठेवायचं, असा त्याचा रोख आहे.

उलट बाजूलाही वजन आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी आहे; तिने आता धावू नये, जशी आहे तशी राहावी, हेच योग्य. लालबहादूर शास्त्रींनी 1964 मध्ये 12000 रुपयांची फियाट घेतली, त्यासाठी 5000 रुपयांचं कर्ज काढलं, आणि ते गेल्यावर पत्नी ललिताबाईंनी ते कर्ज निवृत्तिवेतनातून फेडलं. ती गाडी दिल्लीच्या स्मारकात स्थिर उभी आहे आणि तशीच बोलते. नेताजींच्या कुटुंबाने दुसरा मार्ग धरला. जानेवारी 1941 मध्ये ज्या वाँडरर गाडीतून पुतणे शिशिर बोस यांनी नेताजींना कलकत्त्याबाहेर काढलं, ती अनेक वर्षं बंद राहिल्यावर दुरुस्त झाली आणि जानेवारी 2017 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते पुन्हा लोकांसमोर आली. पण या साऱ्या राष्ट्राच्या वस्तू आहेत. त्या पाहायला अनोळखी माणसं येतात. घरच्या फियाटला पाहायला कुणी येणार नाही. तिला बसायला माणसं लागतात.

एक आक्षेप मात्र टाळून चालत नाही. हा सगळा मोह तर नव्हे? या जिल्ह्यातल्या चिचोंडीचे आचार्य आनंदऋषीजी ज्या जैन परंपरेचे, तिने अपरिग्रहाला महाव्रत मानलं. प्रवरेच्याच काठी, नेवाशाला, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या दुसऱ्या अध्यायात देह म्हणजे टाकून द्यायचं वस्त्र, हा गीतेचा विचार आहे. कठोपनिषद तर शरीराला रथ आणि आत्म्याला रथी म्हणतं. रथीच निघून गेला, मग रथ कशाला कुरवाळायचा? हा आक्षेप खरा आहे. इंजिन घुरघुरलं की वडील परत आल्यासारखं ज्याला वाटतं, त्याला वाटू द्यावं. पण ते येत नाहीत, हे आपली परंपरा आडपडदा न ठेवता सांगते. आठवण ताडपत्रीखाली झाकून ठेवायची, दर दसऱ्याला झेंडूची माळ घालायची आणि दुरुस्तीला हात लावायचा नाही, हा परिग्रहच आहे. त्यात गाडीही सडते आणि माणूसही मोकळा होत नाही.

त्यातून सुटण्याची रीत याच भागात दिसते. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवायचा नसतो. पहारा संपला की वीणेकरी तो पुढच्याच्या गळ्यात घालतो, पाया पडतो आणि बाजूला होतो. नामाचा सप्ताह तोच. उभी राहिलेली माणसं वेगळी. वीणा कुणाच्या मालकीचा, हे तिथे कुणी विचारत नाही. पहारा कुणाचा, एवढंच विचारतात. वडिलांच्या गाडीकडे या नजरेने पाहिलं तर वारसाच्या हाती मालकी कमी आणि पाळी जास्त आली आहे. पितृऋण म्हणतात ते असंच फिटत असावं. घेतलेलं मागच्याला परत करता येत नाही, म्हणून ते पुढच्याच्या हाती चालतं करून द्यायचं.

मग गॅरेजमधले निर्णयही सोपे होतात. ब्रेक, टायर, वायरिंग यांत जुनेपणाचा हट्ट धरायचा नाही, कारण गाडीत माणसं बसणार आहेत. स्टिअरिंग, मीटर, दरवाजाचं हँडल, जिथे हात लागतो ते शक्यतो मूळचंच ठेवायचं. काढलेला प्रत्येक भाग आणि घातलेला प्रत्येक भाग एका वहीत तारखेसह लिहायचा, म्हणजे पुढच्या मेस्त्रीला आणि पुढच्या वारसाला अंदाजाने काम करावं लागणार नाही. ज्याला रूप जपायचं आहे त्याने 'व्हीए' नंबर घ्यावा, आणि ते मनापासून करावं. पण बेलापूरसारख्या गावात, जिथे ही गाडी कधीकाळी आळीची होती, तिथे साधी फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून, दर पाच वर्षांनी तपासणीला नेत ती वापरात ठेवणं जीर्णोद्धाराच्या अर्थाला अधिक जवळचं आहे. आणि घरातल्या मुलीने लायसन्स काढलं असेल, तर हँडलजवळचा गिअर कसा टाकायचा हे तिला याच वर्षी शिकवायला हवं. ते शिकवू शकणारी माणसंही आता थोडीच राहिली आहेत.