अंधारावर संपणारे स्तोत्र

घरात मोठे आजारपण आले की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणते, "प्रार्थना करा, देव नक्की ऐकेल." आणि माणूस गेला की कधीकधी दबक्या आवाजात हेही ऐकू येते, "विश्वास कुठेतरी कमी पडला असेल." माझा थोरला भाऊ गेला तेव्हा हे वाक्य मी ओट्यापाशी चहा गाळताना ऐकले. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. तरी पुढे कित्येक महिने मला प्रार्थनेला बसवेना. डोळे मिटले की तेच वाक्य कानात घुमायचे.

अशा वेळी लूकच्या शुभवर्तमानातली विधवा आपल्यापुढे उभी केली जाते. न्यायाधीश निष्ठुर, पण ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते आणि शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. चिकाटी धरा, मागाल ते मिळेल, असा त्याचा सोपा अर्थ लावला जातो. लूकने मात्र दाखला सांगण्याआधीच त्याचे कारण सांगून टाकले आहे: शिष्यांनी प्रार्थना करताना खचू नये म्हणून. म्हणजे माणूस खचतो, हे येशूने गृहीतच धरले होते. गेथशेमाने बागेत तो स्वतः तीनदा पित्यापुढे पडला आणि मत्तय लिहितो की तिसऱ्यांदाही शब्द तेच होते: दुःखाचा हा प्याला टळावा. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

त्या दिवसांत मला धरून ठेवले ते बायबलमधल्या स्तोत्र ८८ ने. दुःखाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण त्यांतली बहुतेक रडता रडता शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. बोलणारा रात्रंदिवस हाका मारतो, हात पसरतो, तोंड का लपवतोस म्हणून देवाला जाब विचारतो, आणि मूळ हिब्रूत अगदी शेवटचा शब्द येतो तो अंधाराचा. शेवटी आशेची एखादी ओळ जोडून द्यावी, असे इतक्या शतकांत कुणाला वाटले नसेल का? पण कुणी जोडली नाही. उलट कॅथॉलिक चर्चच्या नित्य प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वी म्हणायला हेच स्तोत्र नेमलेले आहे. मठातल्या एखाद्या सिस्टरचा शुक्रवार आनंदात गेलेला असतो, तरी रात्री तिला ते म्हणावेच लागते. त्या रात्री ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याच्या वतीने ती ते म्हणते, असे मला वाटते.

मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. पहाटे उठून प्रार्थनेला बसणाऱ्या, सदा हसऱ्या मदरना आतून वर्षानुवर्षे देवाची चाहूलही लागत नव्हती. हा कोरडेपणा त्यांनी मोजक्या धर्मगुरूंपुढे मोकळा केला. त्यांत एक होते पुण्याचे जेझुइट, फादर जोसेफ नॉयनर. मूळचे ऑस्ट्रियाचे, पण पुण्यात शिकवले आणि २००९ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, पुण्यातच वारले. १९६१ मध्ये मदरनी आपली अवस्था त्यांच्यापुढे मांडली. फादरनी त्यांना इलाज सांगितला नाही. यावर माणसाजवळ उपाय नाही, हे सरळ सांगितले. देव जाणवणे ही त्याच्या असण्याची एकमेव खूण नव्हे, त्याच्यासाठी जीव इतका तळमळतो हीच खूण, असेही समजावले. अंधार गेला नाही. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या अंधाराबद्दल माया वाटू लागल्याचे मदरनी त्यांना कळवले. इतके थोडे बोलून माणसाला सावरणारे फार कमी असतात. आपल्यापैकी कितीजण खचलेल्या माणसाशेजारी उपाय न सांगता बसू शकतात?

आमच्या घरी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, रात्री साडेसातला. आईच्या माळेची साखळी दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या गटात तुटली होती. तिथे तिने निळ्या नायलॉनच्या दोऱ्याची गाठ मारली होती आणि दर वेळी तिचा अंगठा त्या गाठीवर अडखळून पुढे सरकायचा. भावाच्या आजारपणात तिने एक दिवस चुकवला नाही. दफनाच्या संध्याकाळीही माळ घेऊन बसली. रोझरीत एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा. आई गाठीपर्यंत आली आणि तिचा अर्धा भाग मध्येच थांबला. खोलीत कुणी काही बोलले नाही. मग वहिनीने, जिचे कपाळ त्याच दिवशी मोकळे झाले होते, आईच्या वाट्याचे शब्द उचलले आणि आम्ही आमचे म्हटले. पुढचे सगळे मणी तिनेच पुरे केले. माळ शेवटपर्यंत आईच्याच हातात होती.